अगत्तीचा होमस्टे आणि कासवांचं लगून: पाच दिवस राहून आल्यावर

लक्षद्वीपला जायचं मनात असेल तर आधी परवान्याचं बघा, तिकिटाचं नंतर. आपल्यालाही प्रवेश परवाना लागतो. ज्या एजंटाकडे आम्ही काम दिलं होतं त्याने आज-उद्या करत निघायच्या दोन दिवस आधी कागद हातात दिले, तोवर आमच्या जिवाला घोर. पण कोचीहून दीड तासाच्या विमानप्रवासानंतर खाली अगत्ती बेट, म्हणजे नारळाच्या झाडांची चिंचोळी पट्टी, आणि तिच्याभोवती फिरोजी पाणी दिसलं, आणि सगळा शीण उतरला.

होमस्टे साधा आहे. तीन खोल्या, स्वच्छ चादरी, अंगणात नारळ, पाच मिनिटांवर लगून, म्हणजे प्रवाळाच्या कड्याने अडवलेलं उथळ, शांत पाणी. घरमालकीण ताई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "साबण लावताना नळ बंद ठेवा हं." कारण नंतर कळलं. बेटाच्या पोटात गोड्या पाण्याचा पातळसा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. जास्त उपसलं की खारं पाणी वर येतं. अंघोळीच्या पाण्याला थोडी खारट चव होती. प्यायचं पाणी मात्र उत्तम. समुद्राच्या वरच्या कोमट पाण्याची वाफ करून ती खोलवरच्या थंड पाण्याने निववतात आणि गोडं पाणी मिळवतात. असा पहिला प्रकल्प 2005 मध्ये लक्षद्वीपच्याच कवरत्ती बेटावर सुरू झाला, पुढे अगत्तीलाही झाला.

आता मुख्य गोष्ट, पाण्याखालची. मला पोहता येत नाही, वय चोपन्न. स्नॉर्केलिंग शिकवणाऱ्या मुलाने मला आधी अर्धा तास कंबरभर पाण्यात नुसता नळीने श्वास घ्यायला लावला, मग रिंग धरून हळूहळू पुढे नेलं. एकदाही घाई केली नाही. त्याला दहापैकी दहा.

तोंड पाण्यात घातल्यावर आधी कानांना जाणवतं. मोहरी तडतडावी तसा बारीक आवाज सगळीकडून येत असतो, तो छोट्या कोळंब्यांचा. मध्येच कुणीतरी खडीसाखर फोडावी तसा कडकड आवाज, तो पोपटमाशाचा. हा मासा शेवाळासाठी प्रवाळाचा चुना खरवडतो आणि तोच चुना त्याच्या पोटातून वाळू होऊन बाहेर पडतो. माझ्या समोरच एकाने असा पांढरा धूर सोडला. किनाऱ्यावर ज्या मऊ वाळूत आम्ही संध्याकाळी बसायचो, त्यात याचा मोठा वाटा!

तिसऱ्या दिवशी कासव दिसलं. हिरवं कासव, परातीएवढी पाठ, समुद्रगवतात चरत होतं. मान तिरकी करून गवत ओढायचं, की मुळाशी वाळूचा छोटा ढग उठायचा. मग ते सावकाश वर आलं, माझ्यापासून चार हातांवर डोकं बाहेर काढून फुस्स करून श्वास घेतला आणि पुन्हा खाली गेलं. मी रिंग घट्ट धरून रडत होते, मास्कच्या आत.

रात्री जेवताना हे सांगितलं तर घरमालक म्हणाले, इथल्या मासेमारांना कासवांचं फार कौतुक नाही. कासवं वाढली आणि त्यांनी गवत पार खुरटं केलं, मग त्या गवतात वाढणारे मासे कमी झाले असं ते सांगतात. ताटात त्यांनीच आणलेल्या ट्यूनाची आमटी होती, नारळाच्या दुधातली, अप्रतिम. इथे ट्यूना गळाने एकेक पकडतात. आधी लगूनमधून बारीक मासे धरायचे, ते जिवंत ठेवून बाहेर समुद्रात फेकायचे आणि पाण्याचे फवारे मारायचे, म्हणजे ट्यूनाला वाटतं मोठा घोळका आलाय.

एक तक्रार आहे. काचेच्या तळाच्या बोटीतल्या वाटाड्याने फोटोसाठी समुद्रकाकडी (तळाशी राहणारा काकडीसारखा प्राणी) उचलून आमच्या हातात द्यायला आणली. मी परत ठेवायला लावली. वन्यजीव कायद्याने तिला वाघाइतकंच संरक्षण आहे, हे पर्यटक दाखवणाऱ्याला माहीत असायलाच हवं. प्रवाळ तर आधीच सोसतंय. 1998, 2010 आणि 2016 मध्ये समुद्र तापला तेव्हा खूप मेलं. करड्या सांगाड्यांचे पट्टे आम्हीही पाहिले. पण त्याच सांगाड्यावर मुठीएवढं जांभळट नवं पोवळं धरलेलं त्या मुलाने बोट दाखवून दाखवलं, हात न लावता.

दारू मिळत नाही, रात्री नऊला बेट झोपतं, गावात फिरताना अंगभर कपडे घालावेत. आम्हाला हे सगळं आवडलं. पावसाळ्यात जाऊ नका. आणि पाण्यात उतरायची वेळ घरमालकांना विचारून ठरवा. ओहोटीला कितीतरी ठिकाणी पाणी गुडघाभर होतं, आणि पाय टेकायचा म्हटला तर प्रवाळावरच पडतो.