पडद्याचं लेझर (पीआरपी): वर्ष होत आल्यावरचा अनुभव

डोळ्याच्या पडद्याचं लेझर सुरक्षित आहे का, याचं माझं उत्तर 'हो' असंच आहे. तरीही राग आला आहे म्हणून लिहिते आहे. उजव्या डोळ्याच्या वेळी जे मला कुणी सांगितलं नाही, ते आता डाव्याच्या संमतीपत्रातही नव्हतं. लेझरनंतर अंधारात कमी दिसू शकतं, एवढं एक वाक्य. काऊन्सेलर बाई म्हणाल्या, "सगळ्यांना होत नाही." मला झालं आहे ना!

डायबेटीस जुना. ज्यांना लेझर सांगितलं आहे त्यांना पीडीआर (डायबेटीसमुळे पडद्यावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या वाढणं), ओसीटी (पडद्याच्या थरांचा स्कॅन) हे शब्द पाठ झालेले असतात, त्यामुळे खोलात जात नाही. भुलीचे थेंब, जेल लावलेली काच डोळ्यावर, हनुवटी टेकलेली आणि हिरव्या प्रकाशाचे झटके. पहिलं सिटिंग सहज गेलं. पुढच्या वेळी मात्र नाकाच्या आणि कानाच्या बाजूला आडव्या रेषेत झटके बसले की कळ डोक्यात जायची. तिथून डोळ्याच्या लांब नसा जातात. दुखतंय म्हणून सांगा, पॉवर कमी करतात, थांबतात. पण डोळा हलवू नका. पडद्याचा मधला भाग भाजला तर ते नुकसान भरून येत नाही.

पहिले काही महिने माझं मत वाईटच होतं. दिवसा वाचन ठीक, पण दिवेलागणीला स्कूटर चालवणं बंद झालं. जिन्यात लाइट गेले की पायरी सापडत नाही. उजेडातून आत आलं की डोळ्यांना सरावायला फार वेळ लागतो. जुन्या पद्धतीत एका डोळ्याला साधारण 1200 ते 1600 ठिपके देतात. कडेचा पडदा भाजला की त्याची ऑक्सिजनची मागणी घटते, मग नव्या नाजूक रक्तवाहिन्या वाढवणारं रसायनही घटतं आणि त्या आक्रसतात. पण मंद उजेडात काम करणाऱ्या रॉड पेशी याच भागात भरपूर असतात. म्हणजे माझी संध्याकाळची नजर कुणाच्या हलगर्जीपणाने गेली नाही, उपचाराच्या पद्धतीतच ते आहे. अमेरिकेत 1970 च्या दशकात झालेल्या मोठ्या अभ्यासात या लेझरने नजर गंभीरपणे जाण्याचा धोका निम्म्याहून कमी झाला, आणि बाजूची नजर काहींची घटते हेही त्यातच दिसलं होतं. इतकी जुनी माहिती संमतीपत्रात का नसावी?

नंतरच्या तपासण्यांत माझं मत बदललं. रक्तवाहिन्या सुकल्या आहेत, डोळ्यात रक्त उतरलेलं नाही, तक्त्यावर आधी वाचत होते तेवढ्याच ओळी आजही वाचते. नजर वाढली नाही, वाढत नसतेच. चष्मा घालवायचं लेझर बुबुळाच्या पारदर्शक थरावर करतात, ते वेगळं.

मध्यंतरी वाटत होतं, रक्तवाहिन्या वाढवणारं ते रसायन रोखणारी, डोळ्यात द्यायची इंजेक्शनच घ्यायला हवी होती. 2015 साली आलेल्या अमेरिकेतल्या चाचणीत दोन वर्षांनी इंजेक्शनवाल्यांची नजर लेझरवाल्यांपेक्षा कमी नव्हती आणि बाजूची नजर कमी गेली होती. पण सुरुवातीला दर महिन्याला सुई. मी एसटीने तालुक्याहून येते, सोबत एक माणूस लागतं, त्याची रोजी बुडते. शिवाय फक्त इंजेक्शनवर असलेला पेशंट मध्येच यायचा थांबला तर आजार जोरात उलटू शकतो. लेझरचा परिणाम टिकतो. माझ्यासारखीने लेझरच घ्यावं, असं आता ठामपणे म्हणेन. पडद्याच्या मध्यभागी सूज असेल तर गोष्ट वेगळी, कारण या लेझरने ती वाढू शकते. अशा वेळी बहुतेकदा आधी इंजेक्शन देतात. माझी ओसीटी कोरडी होती, म्हणजे सूज नव्हती.

डाव्या डोळ्याची तारीख घेतली आहे. बाईंनी शेवटी ते वाक्य संमतीपत्रावर पेनाने मराठीत लिहिलं, मग मी सही केली. या वेळी बाजूच्या नजरेची फील्ड टेस्टही आधीच करून घेतली. उजव्याची आधीची नोंद नाही, त्यामुळे त्याचं नेमकं किती गेलं हे आता मोजता येत नाही. तुमची तारीख जवळ आली असेल तर ही टेस्ट मागून घ्या, आणि सकाळी गेल्या गेल्या सांगा, कारण ती बाहुली मोठी करायचे थेंब घालायच्या आधी करायची असते.