जळगावजवळच्या गोल्फ प्रॅक्टिस ग्राउंडचा अनुभव, नवीन लोकांसाठी

रविवारी सकाळी सहालाच गेलो, कारण मे महिन्यात आपल्याकडे नऊनंतर उघड्यावर थांबणं म्हणजे भट्टीत उभं राहणं. मी आणि आमची ताई, दोघांनी आयुष्यात पहिल्यांदा स्टिक हातात धरली. नियमाने १४ पर्यंत क्लब, म्हणजे स्टिका, नेता येतात पण इथं आधी फक्त सेव्हन आयर्न (मध्यम अंतराच्या फटक्याची स्टिक) आणि पटर (बॉल हळूच होलमध्ये ढकलायची स्टिक) देतात, आणि हेच मला सगळ्यात आवडलं, नाहीतर नवीन माणूस बॅग बघूनच घाबरतो.

शिकवणारे दादा फार शांत. ताईचे पहिले आठ-दहा बॉल हुकले, नुसती माती उडत होती, तर ते म्हणे "ताई, बॉल कुठं जातो ते मी बघतो, तुम्ही फक्त बॉलवरून नजर काढू नका." पुढचाच बॉल असा टण्णकन लागला अन् थेट केळीच्या बागेच्या कुंपणापर्यंत गेला, ताईचा चेहरा बघायला पाहिजे होता!

मग पटिंग. होल जेमतेम १०८ मिलिमीटरचं, त्यामुळे लांबून फार अवघड, म्हणून ते आधी दोन-तीन फुटावरूनच मारायला लावतात.

तक्रार एकच, सावली अजिबात नाही आणि पाण्याचा माठ रिकामा होता. आईवडिलांना आणायचं तर बसायला बाकं तरी पाहिजेत ना भाऊ. आणि बोर्ड सगळे इंग्रजीत, ते मराठीत करा, खेड्यातली पोरंही बिनधास्त आत येतील. आम्ही पुढच्या रविवारी परत जातोय, भाच्याला घेऊन.