वसतिगृहाच्या यादीआधीच हातात पडणारं अलॉटमेंट लेटर

कॅपची, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची, जागावाटप यादी लागते, कॉलेजात हजर व्हायला जेमतेम तीन-चार दिवस मिळतात आणि वसतिगृहाची यादी मात्र प्रवेश पक्के झाल्यावर, कधी कधी तर तासिका सुरू झाल्यावर लागते. पुण्यात नव्या विद्यार्थ्यांना लुबाडण्याचा धंदा या मधल्या फटीतच चालतो. परभणी-नंदुरबारकडची मुलं-मुली बॅगा भरून तयार असतात, पण उतरायचं कुठे ते ठरलेलं नसतं. नेमका तेव्हाच फोन वाजतो.

समोरच्याला मुलाचं नाव, शाखा, मेरिट क्रमांक, मिळालेलं कॉलेज असं सगळं तोंडपाठ असतं. घरच्यांना वाटतं, म्हणजे हा कॉलेजचाच माणूस. वास्तविक प्रवेश परीक्षा घेणाऱ्या राज्य सीईटी कक्षाची गुणवत्ता यादी नावांसकट जाहीर होते, ती कोणीही उतरवून घेऊ शकतो. मोबाइल नंबर मिळतो प्रवेशाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून. मुलं तिथे अलॉटमेंटचा स्क्रीनशॉट टाकतात आणि खाली विचारतात, "हॉस्टेलचं काय?" मग एखादा ‘सीनियर’ ग्रुपवर न बोलता खासगीत मेसेज करतो. खरा सीनियर चार जणांसमोर उत्तर देतो. तुम्हाला बाजूला घेऊन बोलायची त्याला गरज पडत नाही.

बोलणं साधारण असं होतं: "काका, लिस्ट लागली की माझ्या हातात काही राहत नाही. आत्ता मॅनेजमेंट कोट्यातल्या दोन कॉट शिल्लक आहेत. मी तुमच्यासाठी एक धरून ठेवतो, तुम्ही फक्त फॉर्म फी टाका." विद्यापीठाच्या किंवा शासकीय कॉलेजच्या वसतिगृहात ‘मॅनेजमेंट कोटा’ नावाचा प्रकार नसतो. तिथे जागा गुणवत्ता, आरक्षण आणि बहुतेक ठिकाणी घराचं अंतर यांवर ठरतात. खासगी संस्थेत असा कोटा सांगितला, तर त्याचे पैसे संस्थेच्या लेखा विभागात भरायचे असतात, ‘धरून ठेवणाऱ्या’ माणसाकडे नव्हे.

पहिली रक्कम मुद्दाम किरकोळ असते, पाचशे-हजारांच्या आतली. ती पैशासाठी नसतेच. हे घर पैसे टाकतं का, किती वेळात टाकतं आणि कोणाच्या फोनवरून टाकतं, एवढं त्याला कळून घ्यायचं असतं. सोबत एक गुगल फॉर्म येतो. त्यात आधारचा फोटो, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, सही, पासपोर्ट फोटो, वडिलांचं उत्पन्न असं सगळं मागतात. ही कागदं पुढे भलत्याच कामी येतात: तुमच्या मुलाच्या आधार कार्डावर दुसऱ्याच कोणाला सिमकार्ड किंवा झटपट कर्ज.

दुसऱ्या दिवशी ‘प्रोव्हिजनल अलॉटमेंट लेटर’ येतं. हे पत्र मोबाइलवर दोन बोटांनी मोठं करून नीट वाचा. बोधचिन्ह संकेतस्थळावरून उचललेलं असल्यामुळे त्याच्या कडा फुटलेल्या दिसतात. जावक क्रमांक एक तर नसतो, नाहीतर गेल्या वर्षाचा असतो. गोल शिक्का आणि ‘चीफ रेक्टर’ची (वसतिगृहप्रमुखाची) सही यांचं चित्र एकच, त्यामुळे दोन मुलांची पत्रं शेजारी ठेवली तर शिक्का दोन्हींवर त्याच कोनात तिरका आणि त्याच अक्षरावर चढलेला सापडतो. हाताने मारलेला शिक्का दोनदा तसाच पडत नाही. पत्रात खोली क्रमांक आणि कॉट क्रमांकही छापलेला असतो. खरी खोली मात्र प्रवेशाची पावती, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि हमीपत्र घेऊन तुम्ही रेक्टरच्या टेबलापाशी उभे राहिल्यावर मिळते.

त्या पत्रातला पैशांचा तक्ता सगळ्यात बोलका असतो. भाडं, मेस, परत मिळणारी अनामत, आणि या सगळ्या बेरजेवर १८ टक्के जीएसटी. शैक्षणिक संस्था स्वतःच्या विद्यार्थ्यांना जे वसतिगृह देते त्यावर जीएसटी लागत नाही. परत द्यायच्या अनामतीवर कर कसला? बाहेरच्या खासगी होस्टेललाही, माणशी महिना २०,००० रुपयांपर्यंत भाडं आणि सलग किमान ९० दिवसांचा मुक्काम असेल तर, जुलै २०२४ पासून सूट आहे. म्हणजे साध्या कॉटच्या बिलात हा कर दिसला तर पत्र बनवणाऱ्याने नुसता आकडा फुगवला आहे.

खाली बँकेचा तपशील असतो. खातं बचत, नाव एखाद्या व्यक्तीचं किंवा ‘एंटरप्रायझेस’ लावलेलं. आयएफएससी कोडची पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं शून्य आणि शेवटची सहा शाखेची. तो कोड शोधून पाहिला की पुण्याच्या वसतिगृहाचं खातं दुसऱ्याच राज्यातल्या एखाद्या गावच्या शाखेत निघतं. हे भाड्याने घेतलेलं खातं असतं. ज्याच्या नावावर आहे त्याला कमिशन मिळतं आणि पैसे काही मिनिटांत पुढच्या खात्यात जातात. विचारलं की उत्तर तयार: "कॉलेजचं खातं ऑडिटमध्ये आहे, म्हणून अकाउंटंटच्या खात्यावर घेतोय." कॉलेजचं ऑडिट असं काही करत नाही.

बरीच विद्यापीठं आणि कॉलेजं स्टेट बँकेच्या एसबीआय कलेक्ट या ऑनलाइन सेवेवर किंवा स्वतःच्या पोर्टलवर पैसे घेतात. एसबीआय कलेक्टमध्ये संस्था तुम्ही स्वतः यादीतून निवडायची असते, आणि पावती नंतर कधीही त्याच संकेतस्थळावर पुन्हा काढता येते. कोणी "तुमच्या वतीने मीच भरतो" म्हणून पावतीची पीडीएफ पाठवली, तर तिचा संदर्भ क्रमांक तिथे टाकून बघा. बनावट पावती तिथे उघडत नाही.

यूपीआयने पैसे पाठवताना पिन टाकण्याआधीच्या पडद्यावर समोरच्याचं बँकेतलं नाव दिसतं. तेवढे दोन सेकंद थांबून ते वाचावं. व्हॉट्सॲपवर डीपीला कॉलेजची इमारत आणि नाव ‘हॉस्टेल ऑफिस’ ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही. गुगल मॅपवरचा फोन नंबरही कोणीही बदल सुचवून फिरवू शकतो. नंबर घ्यायचा तो माहितीपुस्तिकेतून किंवा संस्थेच्या संकेतस्थळावरून. ‘डॉट एसी डॉट इन’ आणि ‘डॉट ईडीयू डॉट इन’ हे पत्ते अर्नेट ही संस्था कागदपत्रं तपासून फक्त शैक्षणिक संस्थांना देते. नुसतं ‘डॉट इन’, ‘डॉट कॉम’ काही शे रुपयांत कोणालाही मिळतं. काही खऱ्या कॉलेजांचे पत्तेही डॉट ओआरजी वगैरे असतात, तेव्हा एवढ्यावरच निकाल लावू नये. पण ‘हॉस्टेल’, ‘ॲडमिशन’ असे शब्द जोडून केलेला लांबलचक पत्ता दिसला तर सरळ कॉलेजच्या लँडलाइनवर विचारा.

अनामत भरली की मेसचा ॲडव्हान्स, मग बायोमेट्रिक कार्ड, मग गादी आणि कपाट. बाप कधी तरी चिडतो आणि म्हणतो, पैसे परत द्या. आता डाव उलटा फिरतो. "रिफंड टाकतो काका, आधी एक रुपया येतोय बघा." रुपया खरंच येतो. मग क्यूआर कोड येतो: स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन फक्त पैसे द्यायला लागतो. हे माहीत असलेली माणसंही या टप्प्यावर अडकतात, कारण गेलेल्या पैशांची घाई झालेली असते.

समाजकल्याणच्या वसतिगृहांच्या नावाने होणारी फसवणूक जास्त चीड आणणारी आहे. तिथे राहणं-जेवण विनामूल्य असतं आणि अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. तरी "गृहपालांना पोचवावे लागतात" म्हणत चार-पाच हजार उकळणारे भेटतात. यांची युक्ती साधी: पंधरा-वीस जणांकडून पैसे घ्यायचे, त्यातल्या काहींचा नंबर गुणवत्तेवर लागतोच, त्यांना "बघ, केलं ना काम" म्हणायचं आणि उरलेल्यांना पुढच्या यादीची आशा दाखवायची. रॅगिंगविरोधी हमीपत्राचंही तेच. यूजीसीच्या ठरलेल्या संकेतस्थळावर ते विद्यार्थ्याने आणि पालकांनी फुकट भरायचं असतं. कॉलेजबाहेरच्या टपरीवर त्याचे तीनशे रुपये घेतात. ही लुबाडणूक लहान आहे, पण दिवसभरात किती मुलं तिथून जातात बघा.

आता कॅम्पसच्या आतला प्रकार. ज्याला वसतिगृहात कॉट मिळाली आहे पण तो बाहेर फ्लॅटवर राहतो, असा विद्यार्थी ती कॉट नव्या मुलाला भाड्याने देतो. अशा बिनपरवाना राहणाऱ्याला पुण्यात सगळेच ‘पॅरासाइट’ म्हणतात. इथे खोली खरी, किल्ली खरी, कॉटही खरी असते, म्हणून शंका येत नाही. सहा महिन्यांचे पैसे एकदम घेतात, पावती नसते. मग एका रात्री रेक्टरची तपासणी येते, ओळखपत्र मागतात आणि सामान व्हरांड्यात निघतं. मूळ विद्यार्थ्याचा वसतिगृहातला प्रवेश रद्द होतो, तो हात वर करतो, आणि पैसे देणाऱ्याला तक्रारही धड करता येत नाही, कारण तक्रार करायची म्हणजे आपण बेकायदा राहत होतो हे आधी लिहून द्यावं लागतं. त्या वसतिगृहात पुढच्या वर्षी अर्ज करताना हेच नाव काळ्या यादीवर असतं. मित्राकडे दोन रात्री पाहुणा म्हणून राहायचं असेल तर बहुतेक वसतिगृहांत गेस्टची रीतसर नोंद करता येते. तेवढी करून ठेवावी.

वसतिगृह मिळालं नाही की मोर्चा कॉट बेसिसकडे, म्हणजे खोलीतली एकच कॉट भाड्याने घेण्याकडे, वळतो. सदाशिव पेठ, नारायण पेठ, कर्वेनगर, शिवाजीनगर. इथे ऑनलाइन जाहिरातीतली खोली स्वच्छ, भाडं बाजारापेक्षा तीनेक हजारांनी कमी, आणि मालक हमखास बाहेरगावी. बरेचदा ‘फौजेत’. कँटीनचं कार्ड, गणवेशातला फोटो पाठवून विश्वास बसवतो आणि म्हणतो, सोसायटीत खोली बघायला गेटपास लागतो, त्याचे दीड-दोन हजार भरा, भाड्यात वळते करू. खोली बघण्यासाठी पैसे घेणारी सोसायटी पुण्यात नाही. वॉचमन वहीत नाव लिहितो आणि आत सोडतो.

प्रत्यक्ष गेल्यावरही ज्याने दार उघडलं तो मालक आहे असं धरू नये. जुना भाडेकरू महिनाअखेरीला सोडून जाताना तीच खोली चार जणांना दाखवून चौघांकडून टोकन घेतो. महावितरणचं ताजं बिल मागा आणि त्यावरच्या नावाशी पैसे घेणाऱ्याचं नाव जुळवा. मालमत्ता कराची पावतीही चालेल. नाव वेगळं असेल तर अधिकारपत्र बघा, नाहीतर शेजारच्या दाराची बेल वाजवा. शेजाऱ्यांना सगळं माहीत असतं.

तीन-चार जणांनी मिळून फ्लॅट घेतला तर लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवलेलाच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नुसता नोटरी केलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे, हे एजंट सांगत नाही. नोंदलेल्या करारात डिपॉझिटचा आकडा छापलेला असतो, त्यामुळे सोडताना "रंगकाम आणि साफसफाई" म्हणून सगळंच गिळायला अडचण होते. आत जाताना भिंती, नळ, गिझर, कपाटाची दारं यांचा एक सलग व्हिडिओ काढून त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा. आणखी एक गोष्ट: डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता किंवा स्वाधार यांसारख्या, बाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्यांना पैसे देणाऱ्या सरकारी योजनांना राहण्याचा पुरावा लागतो. पावती न देणारा मालक प्रामाणिक असला तरी तुमचं नुकसान होतंच.

पैसे गेले असतील तर पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, घरच्यांना नंतर. व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर क्रमांक, रक्कम, वेळ, आपली बँक आणि समोरचा यूपीआय आयडी किंवा खातं हाताशी ठेवा. तक्रार नोंदली की पैसे ज्या ज्या खात्यांत पुढे गेले तिथे ते रोखून धरायचा प्रयत्न होतो. म्हणून पहिला तासभर मोलाचा; एटीएममधून रोख निघाली की रोखायला काही उरत नाही. त्याच वेळी आपल्या बँकेला कळवा, पण बँक भरपाई देईल या भरवशावर राहू नका. रिझर्व्ह बँकेचं संरक्षण अनधिकृत व्यवहारांना आहे, आणि स्वतः पिन टाकून पाठवलेले पैसे त्यात सहसा बसत नाहीत. रोखलेली रक्कम परत मिळवायला बरेचदा न्यायालयात अर्ज करावा लागतो.

समोरच्याने ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करण्याआधी चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःलाच ईमेल करा. स्क्रीनशॉटमध्ये नंबर दिसला पाहिजे. ‘हॉस्टेल सर’ म्हणून सेव्ह केला असेल तर आधी ते नाव काढा, मग स्क्रीनशॉट घ्या. आणि फसलो म्हणून आपला नंबर टाकून समाजमाध्यमांवर लिहिलंत की आठवड्याभरात नवा फोन येण्याची तयारी ठेवा: "सायबर सेलमधून बोलतोय, तुमची रक्कम सापडली आहे, रिलीजची फी भरा." पोलिसांत अशी फी नसते. हा त्याच टोळीतला माणूस असतो किंवा तुमची पोस्ट वाचणारा दुसरा कोणी.