नाकाची शस्त्रक्रिया, वर्षभरानंतर: कमी वयात करणाऱ्यांसाठी सविस्तर अनुभव

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात असताना मी नाकाची शस्त्रक्रिया, म्हणजे ऱ्हायनोप्लास्टी, करून घेतली. त्याला आता वर्ष होत आलं. नाकाच्या दांड्यावरचा उंचवटा काढायचा आणि शेंडा थोडा वर घ्यायचा, एवढंच काम होतं. सर्जन अनुभवी होते, भुलीचा त्रास झाला नाही, जखम चिघळली नाही. हा फसलेल्या ऑपरेशनचा अनुभव नाही, बऱ्यापैकी यशस्वी ऑपरेशनचा आहे. तरीही विशीच्या आतलं कोणी विचारायला आलं की मी आधी थांबायला सांगते. ऑपरेशनआधी मी जे अनुभव वाचले, ते बहुतेक पट्टी निघाल्याच्या आनंदात पहिल्या महिन्यात लिहिलेले होते. पुढच्या महिन्यांबद्दल फारसं कोणी लिहिलेलं नव्हतं.

पहिल्या पंधरवड्याबद्दल सगळीकडे माहिती मिळते, म्हणून थोडक्यात: आठवडाभर नाकावर स्प्लिंट, म्हणजे आधाराची कडक पट्टी, डोळ्यांखाली काळेनिळे डाग, तोंडाने श्वास, उशा उंच करून झोप. चष्मा असेल तर महिना-दीड महिना तो नाकावर टेकवता येत नाही. हे सगळं सोसवतं, कारण ते संपणार हे माहीत असतं.

खरी कसोटी त्यानंतर लागते. दांड्यावरची सूज लवकर उतरते, शेंड्याची मात्र वर्षभर रेंगाळते. त्वचा जाड असेल तर त्याहूनही जास्त. माझा शेंडा सकाळी टणक आणि फुगीर दिसायचा, संध्याकाळी जरा बरा. सहा महिने होईपर्यंत आरशात दिसणारं नाक माझं जुनंही नव्हतं आणि ठरलेलं नवंही नव्हतं. शेंडा आणि वरच्या ओठामागचा भाग बधिर होता, तो हळूहळू जागा झाला. हसताना ओठ ताठ वाटायचा. या काळात मनाची काय अवस्था होते, ते कोणत्याही संमतीपत्रकात लिहिलेलं नसतं. वर्गातले सगळे आपल्या नाकाकडेच बघताहेत असं वाटण्याचं वय आणि रोज बदलणारं नाक, हे दोन्ही एकदम आलं की अभ्यासात लक्ष लागत नाही. मला कितीतरी दिवस कोणाशी समोरासमोर बसून बोलणं नको व्हायचं.

आता श्वासाबद्दल. उंचवटा हाडाचा आणि कूर्चेचा, म्हणजे लवचीक मऊ हाडाचा, मिळून बनलेला असतो. तो काढला की नाकाच्या मधल्या भागातला आधार कमी होतो, आणि हवेच्या वाटेतली सगळ्यात अरुंद जागा नेमकी तिथेच असते. ती थोडी जरी आत बसली तरी जोरात श्वास घेताना नाकपुडीची भिंत आत ओढली जाते. माझ्या डाव्या बाजूला हे होतं. जिना चढताना, सर्दीत आणि रात्री कुशीवर झोपल्यावर जाणवतं. बाहेरून काही दिसत नाही, फोटो उत्तम येतात. तपासणीत सांगितलं की आतली सूज पूर्ण जाईपर्यंत वाट बघू, नाहीच सुधारलं तर आधारासाठी कूर्चेचा तुकडा बसवावा लागेल.

दुसऱ्या ऑपरेशनचा हा विषय तरुण मुलामुलींनी नीट समजून घ्यावा. ऱ्हायनोप्लास्टीनंतर पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचं प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के सांगितलं जातं, आणि ती सहसा वर्षभर थांबूनच करतात. तोपर्यंत आत व्रणाच्या पेशी तयार झालेल्या असतात, थर एकमेकांना चिकटलेले असतात. नाकाच्या पडद्यातली कूर्चा पहिल्या वेळी वापरली गेली असेल तर ती कानातून किंवा बरगडीतून घ्यावी लागते. त्यात वयाची भर घाला. वाढत्या वयात त्वचा पातळ होते, शेंडा खाली झुकतो, आत ठेवलेल्या तुकड्यांच्या कडा दिसू लागू शकतात. चाळिशीत ऑपरेशन केलेल्या माणसापेक्षा एकोणिसाव्या वर्षी केलेल्याला हे सगळं वीस वर्षं जास्त सांभाळायचं असतं.

चेहराही तोपर्यंत पुरता घडलेला नसतो. मुलींच्या नाकाची वाढ साधारण १५-१६ व्या वर्षी आणि मुलांची १७-१८ व्या वर्षी थांबते, म्हणून सर्जन निदान तोवर थांबायला सांगतात. पण जबडा आणि हनुवटी, विशेषतः मुलांची, त्यानंतरही भरत राहते. हनुवटी लहान असताना नाक मोठं वाटतं, ती भरली की तेच नाक चेहऱ्यात सामावतं. शिवाय आपण स्वतःला बघतो कशात? हातभर अंतरावरच्या फोनमध्ये. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एक फुटावरून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं, असा हिशोब मांडला होता. हे मी आता प्रत्येकाला सांगते. निर्णय घ्यायचाच असेल तर दुसऱ्याने लांबून काढलेले फोटो समोर ठेवून घ्या.

पहिल्या भेटीत सर्जननी विचारलं होतं, "दिवसातून किती वेळा नाकाचा विचार येतो? त्यापायी कुठे जाणं टाळतेस का?" तेव्हा मला तो प्रश्न खटकला. आज वाटतं, हा प्रश्न न विचारणाऱ्या सर्जनकडून लगेच उठून यावं. स्वतःच्या रूपातल्या बारीकशा दोषाने मन व्यापून टाकण्याचा एक आजार आहे, बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर. तो बहुतेकदा किशोरवयातच सुरू होतो आणि शस्त्रक्रियेने सहसा बरा होत नाही. नाक बदलतं, मग मन हनुवटीवर जाऊन बसतं. त्यावर समुपदेशन आणि औषधं आहेत, आणि त्यांचा उपयोग होतो.

कमी वयात सगळंच चूक, असं मी म्हणत नाही. जन्मतः दुभंगलेला ओठ, अपघातात मोडलेलं नाक, चिडवण्याला कारण झालेले पुढे आलेले कान यांचा विचार वेगळा. कानांची शस्त्रक्रिया तर पाच-सहा वर्षांच्या मुलांचीही करतात.

हे सगळं आत्ता लिहायला बसले, कारण माझी सतरा वर्षांची मामेबहीण गाल बारीक करायचे म्हणते आहे. गालाच्या आतली चरबी काढायची, तोंडातून छोटासा छेद, बाहेर व्रण नाही, "ताई, तुझ्यापेक्षा खूप सोपं आहे गं." छेद छोटा असतो हे खरं. पण त्या चरबीलगत चेहऱ्याच्या नसांच्या फांद्या आणि लाळेची नळी असते. आणि काढलेली चरबी परत येत नाही. सतराव्या वर्षीचा गोल गाल पुढच्या काही वर्षांत बहुतेकदा आपोआप उतरतो. तो उतरेल तेव्हा आतली चरबीही नसेल, तर चेहरा ओढलेला दिसू शकतो.

तिची तपासणीची वेळ ठरली आहे आणि मी बरोबर जाणार आहे. तिच्या वयाच्या किती जणींवर हे केलंत, त्या दहा वर्षांनी कशा दिसतात ते दाखवता येईल का, काही बिघडलं तर पुढचं कोण बघणार, आणि वर्षभर थांबलं तर काय नुकसान होईल, हे चार प्रश्न आम्ही लिहून ठेवलेत. शेवटचा तिने स्वतः घातला. माझ्या श्वासाचा निर्णय पुढच्या तपासणीत होईल, तेव्हा त्याबद्दल लिहीन.