मॉन्ट्रियलमध्ये बर्फ नुसता ढकलत नाहीत, उचलून नेतात

फेब्रुवारी २०२५ मध्ये चार दिवसांत दोन वादळं, ७० सेंमीच्या वर बर्फ, गल्लीत गाड्यांचे नुसते पांढरे ढिगारे. पण इथे प्लाऊ बर्फ कडेला लोटून गेला की काम संपत नाही, मागून स्नोब्लोअर येतो, तो बर्फ थेट ट्रकमध्ये उडवतो आणि बराचसा माल सेंट-मिशेल भागातल्या जुन्या फ्रँकॉन खाणीत जातो. फुटपाथला वेगळं छोटं मशीन, मला तर हेच सगळ्यात भारी वाटतं, बाबागाडीवाल्यांचा आणि म्हाताऱ्या माणसांचा विचार केलाय खरंच! नवीन आलेल्यांनो, बर्फ उचलण्यासाठी लावलेला ‘पार्किंग नाही’चा केशरी बोर्ड दिसला की गाडी हलवा, आणि टोइंगवाल्याचा भोंगा ऐकू आला तर आधी चावी घेऊन पळा, जॅकेट नंतर. माझ्याकडून ५ पैकी साडेचार.