'उल्लास'ची परीक्षा की समोर बसून तपासणी?

प्रौढांना लिहिता-वाचता येतं का ते बघायचे दोन मार्ग. एक 'उल्लास' या केंद्र सरकारच्या प्रौढ साक्षरता कार्यक्रमाची परीक्षा, वय १५ च्या पुढे, १५० मार्क, वाचन लेखन संख्याज्ञान ५०-५०, पासिंग ३३ टक्के, आणि सर्टिफिकेट हातात पडल्याचा आनंद खरंच मोठा असतो. दुसरा 'असर' या मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीसारखा, एकेकाला समोर बसवून अक्षर, शब्द, उतारा वाचायला द्यायचा (बनलाय मुलांसाठी, पण मोठ्यांनाही चालतो). शिकवताना मला दुसराच बरा वाटतो, कारण पेपरात मावशींची वजाबाकी चुकली एवढंच कळतं, समोर बसलं की दिसतं की १०० च्या नोटेतून ३७ गेले तर ६३ हे त्या तोंडी पटकन सांगतात, अडतंय ते कागदावर हातचा घेताना! फक्त वेळ फार जातो, मोठा वर्ग एका संध्याकाळी उरकत नाही.