डावीकडची रिकामी पट्टी: सातवीच्या वर्गात नऊ महिने वापरलेली कॉर्नेल वही

सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत मी सहावी आणि सातवीला विज्ञान आणि इतिहास शिकवते. दोन्ही वर्ग मिळून त्रेपन्न मुलं. गेल्या जूनपासून आम्ही सगळे एकाच पद्धतीने वही लिहितोय, ती म्हणजे कॉर्नेल पद्धत. आता मार्च उजाडलाय, वह्या भरत आल्यात आणि ही पद्धत आमच्या मुलांना कुठे लागू पडली, कुठे नाही, हे मला बऱ्यापैकी कळलंय.

ज्यांना पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक हे प्राध्यापक विद्यार्थ्यांना अभ्यास कसा करायचा ते शिकवत. १९६२ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकामुळे ही पद्धत सगळीकडे गेली. पानाचे तीन भाग करायचे. उजवीकडे सहा इंचांचा मोठा भाग, डावीकडे अडीच इंचांची उभी पट्टी, आणि खाली दोन इंचांची आडवी पट्टी. तासाला उजवीकडे नोंदी घ्यायच्या. तास संपल्यावर त्या नोंदी वाचून डावीकडे प्रश्न किंवा कळीचे शब्द लिहायचे. खाली दोन ओळींत सारांश. मग उजवी बाजू हाताने झाकायची आणि डावीकडचा प्रश्न वाचून उत्तर तोंडाने सांगायचं.

मला हे करावंसं का वाटलं, त्याचं कारण एका वाक्यात आहे आणि ते वाक्य प्रत्येक शिक्षकाने ऐकलेलं असतं: "बाई, हे लिहून घ्यायचं का?" मुलं ऐकतात, त्यांना कळतंही, पण लिहिण्यासारखं काय आणि नुसतं ऐकून सोडण्यासारखं काय, हे त्यांना ठरवता येत नाही. कारण ते त्यांच्यासाठी कायम आम्हीच ठरवलेलं असतं. फळ्यावर उत्तर लिहायचं, त्यांनी ते उतरवून घ्यायचं, वही तपासून सही करायची. २०२३-२४ पासून दोन वर्षं पाठ्यपुस्तकातच धड्यानंतर 'माझी नोंद' म्हणून कोरी पानं होती. माझ्या वर्गात त्या पानांवर गाईडमधली उत्तरं उतरवलेली सापडायची, नाहीतर फुलांची नक्षी. पानं मुलांना मिळाली होती, पण नोंद म्हणजे काय ते मी शिकवलंच नव्हतं. ही रुखरुख मनात राहिली होती.

तर जूनमध्ये सुरुवात केली, आणि पहिला महिना सपशेल फसला. मी बोलत होते, मुलं लिहीत होती, आणि लिहिताना ती ऐकत नव्हती. महाविद्यालयातल्या मुलाला ऐकता ऐकता लिहिता येतं, कारण त्याचा हात सुटलेला असतो. बारा वर्षांच्या मुलाला 'प्रकाशसंश्लेषण' हा एक शब्द लिहायलाच इतका वेळ लागतो की तेवढ्यात माझी पुढची दोन वाक्यं होऊन गेलेली असतात. जुलैत मी बदल केला, आणि या पद्धतीतला आमच्या वयोगटासाठीचा सगळ्यात मोठा बदल हाच आहे असं मी म्हणेन. पेनं खाली. चार मिनिटं मी बोलणार, कुणीही लिहायचं नाही. मग मी गप्प, आणि दोन मिनिटं त्यांनी आठवून लिहायचं. पुन्हा चार मिनिटं, पुन्हा दोन. पस्तीस मिनिटांच्या तासात अशा चार फेऱ्या होतात. धडा हळू सरकतो, हे खरं. पण जे लिहिलं जातं ते त्यांच्या शब्दांत असतं, कारण उतरवून घ्यायला समोर काही नसतंच.

सोबत खुणा शिकवल्या. 'म्ह.', 'उदा.', कारणासाठी एक बाण, विरुद्ध गोष्टीसाठी दुतोंडी बाण. आणि माझ्या बोलण्यातल्या खुणाही सांगून टाकल्या: मी "तीन कारणं आहेत" म्हटलं की बोटं मोजायची, "परंतु" म्हटलं की कान टवकारायचे, "म्हणजे" म्हटलं की व्याख्या येतेय. ऑगस्टपर्यंत "हे लिहून घ्यायचं का" जवळजवळ बंद झालं.

आता मुद्दे आणि उपमुद्दे. सातवीच्या इतिहासात 'स्वराज्याचा कारभार' हा धडा आहे, आणि आराखडा शिकवायला याहून चांगला धडा मला मिळाला नाही. वहीत थेट आराखडा काढायला सांगितला तर मुलं धड्यातल्या ठळक ओळी क्रमाने लिहून मोकळी होतात. म्हणून मी पट्ट्या केल्या. धड्यातले शब्द कागदाच्या पट्ट्यांवर लिहिले: लष्कर, पायदळ, घोडदळ, शिलेदार, बारगीर, किल्ले, सबनीस, कारखानीस, आरमार, अष्टप्रधान, अमात्य, सेनापती, शेती, हेरखाते. प्रत्येक गटाला चौदा पट्ट्या आणि जमिनीवर खडूने ओढलेल्या तीन उभ्या रेघा. मोठा मुद्दा पहिल्या रेघेवर, त्याच्या पोटातला दुसऱ्या, त्याच्याही पोटातला तिसऱ्या.

पाचपैकी तीन गटांनी बारगीर आणि पायदळ शेजारी-शेजारी ठेवले. मी काहीच बोलले नाही, फक्त विचारलं, "बारगिराकडे घोडा असतो का?" धड्यात सापडलं: शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराला घोडा आणि शस्त्रं सरकारातून. म्हणजे दोघंही घोडदळाच्या पोटातले. पट्टी सरकली. मग एका मुलाने सेनापतीची पट्टी हातात धरून विचारलं की हा अष्टप्रधानांत ठेवायचा की लष्करात? वर्गात दोन तट पडले आणि तासाची घंटा होऊन गेली तरी वाद चालू होता. शेवटी सेनापतीची आणखी एक पट्टी केली, दोन्हीकडे ठेवली आणि मध्ये बाण काढला. हे उत्तर मुलांनीच काढलं. आराखडा म्हणजे आकडे घालून लिहिलेली यादी नव्हे, कोण कुणाच्या पोटात येतं ते ठरवणं आहे, हे शब्दांत सांगून मला कधीच पोचवता आलं नसतं. पट्ट्यांचं काम सहा-सात धड्यांपुरतं केलं. त्यानंतर बहुतेकांना ते वहीत थेट जमायला लागलं.

शब्दसंपत्तीकडे येते, कारण माझा जीव तिथे सगळ्यात जास्त रमला. विज्ञानाच्या पुस्तकातले शब्द आमच्या मुलांना परके वाटतात. वाफसा म्हणजे काय ते सहावीतल्या मुलालाही ठाऊक असतं, पण 'मृदेतील आर्द्रता' वाचलं की चेहरा कोरा. म्हणून डाव्या पट्टीत पुस्तकातल्या शब्दाखाली गावातला शब्द लिहायचा नियम केला. जुळणारा शब्द नसेल तर जवळचा, आणि फरक काय तो एका ओळीत.

मग शब्द फोडायला घेतले. बाष्पीभवन आणि वर्गीकरण हे दोन शब्द फळ्यावर शेजारी लिहिले. भवन म्हणजे होणे, करण म्हणजे करणे. पाण्याची वाफ आपोआप होते, म्हणून बाष्पीभवन. वर्ग आपोआप पडत नाहीत, कुणीतरी पाडतं, म्हणून वर्गीकरण. दुसऱ्या दिवशी गावभर फिरून शब्द आणायला सांगितले. ग्रामपंचायतीच्या फलकावरून डांबरीकरण आणि काँक्रिटीकरण आलं, शेतातून सपाटीकरण, दवाखान्यातून लसीकरण आणि निर्जंतुकीकरण, पाण्याच्या टाकीवरून शुद्धीकरण. 'भवन'चे मात्र फारच थोडे मिळाले, घनीभवन वगैरे, आणि तेही पुस्तकातूनच. एका मुलीने विचारलं, "ग्रामपंचायत भवन त्यातच धरायचं का?" तेव्हा भवन म्हणजे वास्तू हाही अर्थ डाव्या पट्टीत आला.

मोठ्या संकल्पनांसाठी फ्रेयर चौकट वापरली. १९६९ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात डोरोथी फ्रेयर आणि सहकाऱ्यांनी मांडलेली. मध्ये शब्द, भोवती चार खण: व्याख्या, लक्षणं, उदाहरणं, आणि 'उदाहरण नाही'. या चौथ्या खणासाठी चौकट वापरावी. 'उभयचर' हा शब्द घेतला. बेडूक सगळ्यांनी लिहिला. कासव जवळपास निम्म्या वर्गाने उदाहरणात घातलं, कारण ते पाण्यातही असतं आणि जमिनीवरही. मग लक्षणांच्या खणाकडे परत जावं लागलं: बेडकाचं पिल्लू पाण्यात कल्ल्यांनी श्वास घेतं, मोठा बेडूक फुप्फुसांनी आणि ओलसर त्वचेने. कासवाचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेच फुप्फुसं घेऊन. कासव चौथ्या खणात गेलं, पाठोपाठ मगर गेली. व्याख्या पाठ असलेल्या मुलांचीही इथे गल्लत झाली होती. चौथा खण नसता तर ती मला कळलीच नसती.

शब्द लक्षात राहावेत म्हणून बुटांच्या खोक्याचे तीन कप्पे केले. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ साली सांगितलेली युक्ती पाच कप्प्यांची आहे, आम्हाला तीन पुरले. चिठ्ठीच्या एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ आणि एक वाक्य. जमलेला शब्द पुढच्या कप्प्यात, चुकलेला पुन्हा पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा आठवड्याला, तिसरा महिन्याला. चिठ्ठ्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंच्या. लग्नसराईत मुलांनी इतक्या पत्रिका आणल्या की पुढच्या वर्षीचीही सोय झाली.

आणि वर्गवार शब्दकोश केला. ही कल्पना आपल्याकडचीच आहे. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यात कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, आणि सुमारे १३८० शब्द दहा वर्गांत लावले. दुर्गवर्ग, शस्त्रवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग असे. मुलांना हे सांगितल्यावर त्यांनी आपल्या वहीच्या शेवटच्या पानांना नावं दिली: पाणीवर्ग, मातीवर्ग, शरीरवर्ग, राज्यवर्ग. अकारविल्हे यादीपेक्षा हे खूप सरस ठरलं, कारण नवा शब्द कुठे घालायचा ते ठरवतानाच तो कळत जातो.

आता जे जमलं नाही ते. गणिताला ही वही चालत नाही, मी दोन आठवडे करून सोडून दिली. विज्ञानातल्या आकृत्यांना उजवा भाग अपुरा पडतो, तेव्हा आकृतीला पूर्ण पान द्यावं. खालची सारांशाची पट्टी सहावीला झेपली नाही. धड्यातलं शेवटचं वाक्य उचलून तिथे ठेवायची सवय लागली. दिवाळीनंतर मी सारांशाऐवजी "घरी आजीला हे कसं सांगशील?" असं लिहायला सांगितलं, तेव्हा जरा जीव आला. लिहिण्याचा वेग कमी असलेल्या चार मुलांना दोन मिनिटं पुरत नाहीत. त्यांना मी फक्त शब्द आणि बाण लिहायची मुभा दिली, आणि त्यांची तोंडी उत्तरं इतरांपेक्षा उणी नाहीत.

छापील रेघांची तयार वहीही मी तालुक्याच्या गावातून आणून पाहिली. साध्या लाँगबुकच्या जवळपास तिप्पट किंमत, कागद इतका पातळ की शाईचं पेन मागे उमटतं, आणि डावी पट्टी इतकी अरुंद की तिच्यात प्रश्न मावत नाही. त्यापेक्षा साधं दोनशे पानी लाँगबुक घ्या. त्याचं पान पॉक यांच्या मापाहून लहान असतं, म्हणून डावीकडे पाच सेंटिमीटर आणि खाली पाच ओळी सोडा. रेघा मुलांनीच ओढाव्यात, दर शनिवारी पुढच्या आठवड्याची पानं.

एका पालकांनी नोव्हेंबरमध्ये वही उघडून विचारलं, "बाई, यात प्रश्नोत्तरं कुठायत? डावी बाजू तर निम्मी रिकामी दिसतेय." त्यांची काळजी मला पटली, परीक्षा तोंडावर होती. मी त्यांच्या मुलीला बोलावलं. तिने उजवी बाजू झाकली आणि डावीकडचा स्वतःचा प्रश्न वाचला: "पाणी १०० अंशांना उकळतं, मग सावलीतले कपडे का वाळतात?" आणि वडिलांना समजावलं की उकळणं सगळ्या पाण्यात होतं, बाष्पीभवन नुसतं पृष्ठभागावर, आणि तेही कुठल्याही तापमानाला. हा प्रश्न पुस्तकात नाही, मी दिलेला नाही. तो तिला दुसऱ्या दिवशी सकाळी, परिपाठानंतर डावी पट्टी भरायला ठेवलेल्या पाच मिनिटांत सुचला होता.

ही पाच मिनिटं सोडली तर सगळी पद्धत वाया जाते. सप्टेंबरमध्ये एका कार्यक्रमाच्या तयारीत आमची ती तीन आठवडे बुडाली. त्या काळातली पानं आजही बघा: उजवीकडे सुंदर नोंदी, डावीकडे काही नाही, आणि त्या धड्यांवर मुलं सहामाहीत अडखळली. डावी पट्टी त्याच तासाला घाईघाईने भरून घेतली तरी उपयोग नाही, तेव्हा मुलं उजवीकडचेच शब्द डावीकडे उतरवतात. एक रात्र मध्ये जाऊ द्यावी. आणि त्या पट्टीवर लाल पेन चालवू नये. मी ऑगस्टमध्ये तिथले शुद्धलेखनाचे दोष काढत होते, तेव्हा प्रश्न आखडले होते. ते थांबवल्यावर मोकळे झाले.

पुढच्या जूनला मी पहिले पंधरा दिवस वहीला हातच लावणार नाही, नुसत्या पट्ट्या आणि तोंडी काम. नव्या सहावीच्या पहिल्या पानावर रेघा ओढून द्यायचं काम आताच्या सहावीने आपणहून मागून घेतलंय. त्यांचा आग्रह आहे की डावी पट्टी सहा सेंटिमीटरची करावी, पाच कमी पडतात.